वेळेवर जेवण्याबाबत

माझा नवरा पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळतो, आणि त्या विभागाने त्याला पुरतं गिळलेलं आहे. वर कव्हरिंग पत्र जोडल्याशिवाय कुठलाही कागद इकडचा तिकडे करायचा नाही, हा त्याचा धर्म. लग्न ठरण्याआधी त्याने मला पाठवलेल्या फोटोवरसुद्धा 'सोबत फोटो जोडला आहे' अशी चिठ्ठी होती. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. त्या वयात माणसाला काहीही गोड वाटतं.

त्या दिवशी सकाळी मात्र मी त्याचा गळा धरण्याच्या बेतात होते.

मी पीएचडी करत होते, गोगलगाईच्या चिकट वाटेवर. गोगलगाय चालताना मागे एक चिकट रेघ सोडते आणि दुसऱ्या गोगलगायी त्या रेघेवरून आयत्या, फुकटात चालतात, असा माझा एवढा जाडजूड प्रबंध. नोकरी, दोन मुली, सासूबाईंचा गुडघा आणि मोरीतल्या काचपेटीत नांदणाऱ्या गोगलगायी एवढं सगळं सांभाळून तो लिहिला, म्हणून वेळ लागला. "गोगलगाईवर लिहितेस की गोगलगाईसारखं लिहितेस?" असं विचारणारे नातेवाईक मी मनात टिपून ठेवले आहेत. मुदतवाढ मागून मागून संपली होती. त्या संध्याकाळी विद्यापीठाची खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध दिला नाही, तर नोंदणीच रद्द. आणि खिडकीवर जायच्या आधी माझ्या मार्गदर्शक मॅडमची त्यावर सही हवी होती. मॅडमनी दुपारचं बोलावलं होतं.

सगळं तयार होतं, फक्त शेवटची संदर्भयादी तेवढी छापायची होती. प्रबंधात मी नुसते आकडे टाकले होते. कुठल्या आकड्यामागे कुणाचा शोधलेख, हे एका सॉफ्टवेअरला माहीत. घरात आम्ही त्याला मुनीमजी म्हणतो. मुनीमजींच्या पुढ्यात पीडीएफ टाकायची, ते आपले आपण लेखाचं नाव, लेखक, साल, पान हुडकून काढतात आणि शेवटी एक बटण दाबलं की यादी हजर. मी बटण दाबलं. सुरुवातीची नावं झकास आली. मग हे आलं:

३१. आवक-जावक विभाग. वेळेवर जेवण्याबाबत.
३२. आवक-जावक विभाग. चष्मा डोक्यावरच असल्याबाबत.
३३. आवक-जावक विभाग. चिडचिड कमी करण्याबाबत.
३४. आवक-जावक विभाग. चिडचिड कमी करण्याबाबत (स्मरणपत्र).

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाली सरकवत गेले, तर आवक-जावक विभागाने गोगलगाईंवर जगात सर्वांत जास्त संशोधन केलेलं दिसत होतं.

"अरे ए!" मी ओरडले. "इकडे ये आधी!"

तो आला. त्या दिवशी त्याने रजा टाकली होती, प्रबंधाचे गठ्ठे उचलायला. त्याने वाकून पडद्यावरची यादी वाचली, आणि मी शपथेवर सांगते, त्याचा चेहरा उजळला.

"माझं नाव आलं!"

"तुझं नाही, तुझ्या विभागाचं."

"तेच ते," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून खुर्ची जरा लांब घेऊन बसला.

त्याचं काय झालं होतं, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. नवे शोधलेख मी इंटरनेटवरून घेतले होते, ते ठीक होते. पण जुने, जाड बांधणीच्या खंडांतले लेख इंटरनेटवर शोधात दिसायचे, उतरवून मात्र घेता येत नव्हते. ते खंड ग्रंथालय दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू देत नाही. म्हणून हा बिचारा ते ऑफिसात न्यायचा, जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मोठ्या मशीनवर स्कॅन करायचा आणि मला पाठवायचा. आणि कागद पाठवायचा म्हणजे वर कव्हरिंग पत्र आलंच. 'प्रति, मा. संशोधक महोदया. विषय: वेळेवर जेवण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, काल आपण दुपारी जेवला नाहीत.' मी ती पत्रं वाचायची, हसायची आणि पुढच्या पानावर जायची. मुनीमजी पुढच्या पानावर गेलेच नाहीत. त्यांना पहिल्या पानावर ठळक अक्षरात विषय दिसला, फाइलच्या पोटात मशीनने आपोआप टाकलेलं विभागाचं नाव दिसलं, आणि लेखक-शीर्षक जुळवून ते मोकळे झाले.

"पण माझं काय चुकलं?" नवरा म्हणाला. "बिनपत्राचा कागद पाठवायचा होता का?"

"प्रत्येक पत्राखाली 'सोबत' असं लिहितोस ना तू? सोबत काय जोडलंय ते? लेखाचं नाव, लेखक, साल, सगळं असेल तिथे. बघ, वाचलो आपण!"

मी घाईघाईने पहिली फाइल उघडली. पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, सुबक लिहिलं होतं: 'सोबत: वरीलप्रमाणे.'

दुसऱ्या पत्रावरही तेच, तिसऱ्यावरही तेच.

"तशी पद्धत आहे," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. आणि मला हसू फुटलं. म्हणजे राग होताच, पण त्याच्या खालून हसू असं वर आलं की दोन्ही एकदमच तोंडाबाहेर पडले आणि मला ठसका लागला. त्याने पाणी आणून दिलं. पत्र न जोडता दिलं, हे विशेष.

मग आम्ही कामाला लागलो. माझा पहिला विचार साधा होता. सगळ्या फायलींची पहिली पानं काढून टाकायची आणि मुनीमजींना म्हणायचं, घ्या, आता परत वाचा. एका फाइलवर करून बघितलं. मुनीमजी गरगर फिरले आणि म्हणाले: 'माहिती सापडली नाही.' हे तर आगीतून फुफाट्यात. निदान आधी जेवण्याबाबत तरी होतं.

"आता का सापडत नाही? पान तर समोर आहे," नवरा म्हणाला.

"समोर आहे, पण फोटो आहे तो. तू पत्र टाइप केलंस, म्हणून ती अक्षरं मुनीमजींना वाचता येतात. मागचे लेख स्कॅन केलेस, ते त्यांच्या लेखी चित्र. एवढ्या जाड फायलीत त्यांना वाचता येत होतं ते तुझं एकच पान."

"बघ! म्हणजे पत्र नसतं तर काहीच—"

मी नुसतं बघितलं.

फोटोतली अक्षरं ओळखण्याची सोय असते. ती एकेका फाइलवर लावत बसलो. संगणकाचा पंखा दळणाच्या गिरणीसारखा घुमायला लागला, तेवढ्यात मी अतिशहाणपणा केला. जुनी नोंद मुनीमजींकडून पुसून टाकली आणि नवी फाइल नव्याने घातली. लगेच प्रबंधात जिथे एकतीस हा आकडा होता तिथे प्रश्नचिन्ह उभं राहिलं. नोंद पुसली की आकड्याची नाळच तुटते, हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला कसलं काय ठाऊक असतं! पाचावर धारण बसली. नशीब, मुनीमजींची कचरापेटी असते. त्यातून वेळेवर जेवण्याबाबतला सन्मानाने परत आणलं, तेव्हा प्रश्नचिन्ह गेलं आणि एकतीस परतला. तेव्हा ठरवलं, नोंद मारायची नाही, तिच्यातलेच तपशील बदलायचे.

नोंदीवर माउसची उजवी कळ दाबली आणि म्हटलं, फाइल वाचून तपशील पुन्हा शोधा. मुनीमजी खूश होऊन परतले. शीर्षक: 'कोंबड्यांच्या खोकल्यासंबंधी काही निरीक्षणे'.

"कोंबड्या खोकतात?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत!"

पुढचा लेख: 'बटाट्याच्या सालीवरील डाग'. त्यापुढचा: 'दिवंगत अध्यक्षांस श्रद्धांजली'. आता मात्र मी डोक्याला हात लावला. फायली उघडून पाहिल्या तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. जुन्या नियतकालिकांत कागद वाया घालवत नसत. एक लेख पानाच्या मध्यावर संपला की त्याच्याच खाली दुसरा सुरू. माझी गोगलगाय पानाच्या खालच्या अर्ध्यात, आणि वरच्या अर्ध्यात कोंबडी खोकत मरत होती. मुनीमजी वरून वाचायला लागतात आणि पहिल्या सापडलेल्याला धरतात. जिथे कोंबडी भेटली तिथे त्यांचं काम संपलं.

तेव्हा उपाय एकच. मुनीमजींच्या भरवशावर राहायचं नाही. त्यांना शीर्षक आपण सांगायचं, नुसतं शोधायला पाठवायचं आणि परत आल्यावर साल, खंड, पान फाइलशी ताडून घ्यायचं. नवरा फाइल बघून वाचायला लागला आणि मी टाइप करायला. आवक-जावकचा माणूस तो, त्याचा आवाज ठणठणीत लागला.

"'उद्यानातील गोगलगाईच्या गतीवर थंडीचा होणारा परिणाम'!"

"मिळाला. साल जुळतंय. पुढचा."

"'गोगलगाईंची पसंती: कोबी की मुळा'!"

"मिळाला."

"कोबी की मुळा?"

"कोबी. पुढचा!"

"'गोगलगाय उलटी चालू शकते काय?' आणि बाई, उत्तर सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

"नाही चालू शकत. वाच!"

थोड्या वेळाने आम्ही दोघं इतके हसत होतो की धाकटी दारात येऊन उभी राहिली आणि "तुम्ही भांडताय ना?" असं विचारून, नाही म्हटल्यावर निराश होऊन गेली. मला खरोखर मजा येत होती. नोंदणी रद्द व्हायच्या दिवशी मला मजा येत होती! एकेक आवक-जावक विभाग पुसला जात होता आणि त्याच्या जागी दूरदेशीची, काही मेलेली, काही जितीजागती, खरी माणसं उगवत होती. नवरा दर नोंदीमागे मान हलवायचा. चिडचिड कमी करण्याबाबतचं स्मरणपत्र पुसताना तो म्हणाला, "याची अंमलबजावणी झालीच नाही कधी."

आणि मग हत्ती गेला, शेपूट राहिलं. अडतिसावा.

हा लेख त्याने अगदी सुरुवातीला स्कॅन केला होता. तेव्हा त्याच्या उत्साहाला उधाण आलं होतं. पत्र तर जोडलंच, वर लेखाच्या पहिल्या पानावर ऑफिसचा 'आवक' शिक्काही मारला होता. तोही झेरॉक्सवर मारला म्हणून बरं, ग्रंथालयाच्या खंडावर मारला असता तर मी आज तुरुंगातून लिहीत असते. शिक्का बरोबर शीर्षकावर आणि लेखकाच्या नावावर बसला होता. नाव नंतर बघू, म्हणून मी तेव्हा सोडून दिलं होतं.

पण लेख माझ्या पक्का लक्षात होता. त्यात ठासून म्हटलं होतं की, गोगलगाय फक्त स्वतःच्याच रेघेवरून चालते, दुसरीच्या रेघेवर कधीच जात नाही. माझा अख्खा प्रबंध याच्या बरोब्बर उलट. म्हणून तिसऱ्या प्रकरणात मी त्या लेखाची सालटी काढली होती. 'लेखकाने गोगलगायी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या काय, अशी शंका येते,' असं चक्क लिहिलं होतं. ते वाक्य वाचून मॅडम त्यांच्या खोलीत मोठ्याने हसल्या होत्या. "कोण आहे हा अडतिसावा?" म्हणाल्या होत्या. "छान झोडपलंस. हेच हवं."

शीर्षक नाही, तेव्हा मी लेखाच्या पोटातलं एक लांबलचक वाक्य उचललं आणि तेच शोधायला टाकलं. मुनीमजींनी या खेपेला वेळ घेतला. मग एकच लेख आला. साल जुळलं, खंड जुळला, पानं जुळली.

"झालं!" नवरा ओरडला. "संपलं! टाक!"

लेखक बाई निघाल्या. आडनाव अनोळखी होतं, पण पहिलं नाव बघून मी जराशी अडखळले, कारण त्या नावाची मला एकच बाई माहीत होती. नावावर टिचकी मारली. लेखिकेचं पान उघडलं, तिने जन्मभर लिहिलेल्या लेखांची यादी उघडली आणि कोपऱ्यात फोटो. चष्मा तोच, केसांची बट तीच, आणि वाक्य खोडताना असते तशी जिवणीही तीच.

मॅडम. माहेरच्या आडनावाने लिहिलेला त्यांचा पहिला लेख.

नवऱ्याने फोटो मोठा करून पाहिला, मग पुन्हा लहान केला.

"हे बघ," नवरा शेवटी हळूच म्हणाला, "एवढं एक वेळेवर जेवण्याबाबत राहू दे ना. इतक्या नोंदींत कोण बघतंय?"

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक कागद नोंदीवाचून सोडला नाही, तो मला हे सांगत होता. माझ्यासाठी. मला एकदम भरून आलं. पण मॅडमची सही नसेल तर आज खिडकीवर माझं काय होतं ते मला ठाऊक होतं. मॅडमचा रागही मला ठाऊक होता. एकीच्या प्रबंधावर त्या रागावल्या, ती आता विमा विकते.

"नाही," मी म्हणाले. "ते वाक्य मी लिहिलंय आणि ते खरं आहे. आता कुणाबद्दल लिहिलं तेही खरंच छापायचं."

"मग वाक्य तरी जरा मऊ कर."

ते करायला माझी बोटं कळांवर गेलीसुद्धा होती. 'शंका येते'च्या जागी 'काही मर्यादा जाणवतात' असं घालायचं, एवढंच. पण मॅडमनीच ते वाक्य हसून मान्य केलं होतं, आणि आता नाव कळल्यावर ते गुळगुळीत करायचं म्हणजे त्यांनी मला इतकी वर्षं शिकवलं तरी काय! मी हात मागे घेतला आणि छापायचं बटण दाबलं.

मॅडमच्या खोलीत नेहमीसारखा स्पिरिटचा वास होता आणि कपाटात बरण्यांच्या रांगा. नवरा गठ्ठा घेऊन दाराशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. मॅडमनी सहीचं पान बाजूला ठेवलं आणि पेन उघडलं.

"मॅडम, सही करायच्या आधी अडतिसावा संदर्भ बघता का?" मी विचारलं.

"का? काय झालं त्याला?"

त्यांनी शेवटची पानं उलटली. बोट यादीवरून खाली खाली आलं आणि थांबलं. मग त्यांनी तिसरं प्रकरण काढलं, ते वाक्य काढलं आणि वाचलं. पुन्हा यादी, पुन्हा वाक्य. पेनाचं टोपण त्यांनी परत लावलं. दाराशी गठ्ठा धप्पकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, हा पलीकडच्या विभागातल्या त्या टकल्याचा लेख असणार," मॅडम म्हणाल्या. "मी किती हसले गं!"

"मॅडम, मला आज सकाळीच कळलं. वर शिक्का होता, म्हणजे... नाव दिसत नव्हतं..."

"गोगलगायी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या काय!" त्यांनी वाक्य सावकाश, एकेक शब्द चाखत वाचलं. "दोन होत्या. आमच्या सरांनी दिलेल्या. त्यातली एक दुसऱ्याच दिवशी मेली."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "मग दुसरीच्या रेघेवर जात नाही, हे तुम्ही—"

"जाणार कुठे? दुसरी होतीच कुठे?"

आणि त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग टेबलाला धरावं लागलं. मला हसावं की नको कळेना, पण दाराशी नवऱ्याने फुर्रकन जे हसू सोडलं, त्यानंतर माझाही इलाज चालला नाही. बरण्या किणकिणल्या असतील, इतके हसलो आम्ही.

"वाक्याला हात लावायचा नाही," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या आणि एका फटक्यात सही केली. मग पेन तसंच हातात धरून त्यांनी विचारलं, "तू इंटरनेटवरचं माझं पान पाहिलं असशील, त्यावर आकडा होता ना? या लेखाचा आजवर किती जणांनी संदर्भ घेतला, तो?"

होता. मी पाहिला होता, आणि तो सांगायची मला इच्छा नव्हती.

"शून्य," मी म्हणाले.

"माहीत आहे. दर वर्षी बघते मी." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "बाकीच्या लेखांचे आकडे काय, वाढतच असतात. पण हा पहिला. रात्ररात्र जागून लिहिला होता, घरी दाखवला होता, आईने शेजारणींना दाखवला होता. चूक तर चूक, पण कुणी वाचलाच नाही गं. तू पहिली."

मी म्हटलं, "आता एक होईल, मॅडम."

"होईल ना? मग चल, मीही येते खिडकीपर्यंत."

त्या आमच्याबरोबर जिने उतरून आल्या. खिडकी उघडी होती, रांग छोटी होती. आमचा नंबर आल्यावर नवऱ्याने गठ्ठा पुढे सरकवला, तर मॅडमनी वरची प्रत मागे ओढून घेतली. खिडकीतल्या बाई वैतागून म्हणाल्या, "आता काय राहिलं?" मॅडमनी ऐकलंच नाही. त्यांनी अडतिसावी ओळ काढली, चष्मा नाकावर सरकवला आणि निकालाच्या दिवशी फळ्यावर आपला नंबर शोधणाऱ्या मुलीसारखं बोट ठेवून माहेरचं आडनाव वाचलं, मग साल, मग खंड, मग पानं. सगळं बरोबर होतं. तेव्हा कुठे त्यांनी प्रत बाईंच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "घ्या."